माणसे जोडणारा पुढारी



'पुढारी' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठ उभे राहते. हार, भाषण, गाडी आणि मागे चालणारी माणसे दिसू लागतात. त्या पुढाऱ्याविषयी आज मला बोलावयाचे नाही. निवडणुका येतात आणि जातात. पण सकाळी कामावर हजेरी लावल्यानंतर ज्याच्या हाताखाली आपल्याला सारा दिवस काढावयाचा असतो तो मुकादम, तो सुपरवायझर, तो हेडक्लार्क, ती बचत गटाची अध्यक्षा, हीच आपल्या रोजच्या जीवनातील पुढारी मंडळी होत. आपला दिवस सुखाचा जावा की अपमानाचा, हे पुष्कळदा त्यांच्या हातात असते. आणि आज ना उद्या त्या जागेवर तुमच्यापैकीच कोणीतरी बसणार आहे. कित्येकजण बसलेही आहेत. तेव्हा धम्माच्या दृष्टीने कामावरचा चांगला पुढारी कोणाला म्हणावे, याचा विचार आपण करू या.

मी हे लिहितो आहे ते मावळ तालुक्यातील सुदुंबरे या गावी. एका अंगाला तळेगाव, दुसऱ्या अंगाला चाकण, आणि दोन्हीकडे कारखाने. पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असलेली तरुण मुले येथील प्रत्येक फाट्यावर दिसतात. या गावात संत संताजी जगनाडे यांची समाधी आहे. संताजी तेली होते, घाण्यावर काम करणारे होते, आणि तुकारामांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक होते. तुकारामांचे अभंग लिहून ठेवणारा म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. आपण समाधीची पूजा करणारे नाही. पण तेलाने माखलेल्या हातात लेखणी आली आणि त्या हाताने केवढे मोठे काम केले, ही गोष्ट श्रमणाऱ्या प्रत्येक माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

याच सुदुंबऱ्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली, तेव्हा भर पावसात चिखल उपसावयास याच बटालियनचे जवान गेले होते. अशा वेळी तुकडीच्या नायकाचा शब्द जवान का ऐकतात? त्याच्या खांद्यावर पट्टी आहे म्हणून, हे खरेच. पण तेवढ्याने भागत नाही. तोही त्याच चिखलात उभा असतो, आणि आपला प्रत्येक माणूस परत आला की नाही हे तो मोजून पाहतो, म्हणूनही ते ऐकतात. पट्टी सरकार देते. विश्वास मात्र ज्याचा त्याने मिळवावा लागतो.

आता हा प्रश्न विशेषेकरून आपल्यासाठीच महत्त्वाचा का, ते पाहा. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. तेथे अध्यक्षपदावरून बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या कामगारांची स्थिती उघडी करून सांगितली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला साधा पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तेथे विटाळ आडवा येतो. वर्कशॉपमध्ये तो फोरमन होत नाही, कोणत्याही खात्याचा प्रमुख होत नाही. म्हणजे घाम गाळावयास आपण चालत होतो, पण चार माणसांच्या पुढे उभे राहावयास चालत नव्हतो. आज शिक्षणाने आणि संविधानाने ती दारे पुष्कळ उघडली आहेत. तुमच्या घरातील पहिला मुकादम, पहिला सुपरवायझर, पहिली नर्स, पहिला शिक्षक होत आहे. ज्याच्या आजाला कोणी हुकूम करू दिला नाही, त्या नातवाच्या हाती हुकूम आला आहे. त्या हुकुमाचे तो काय करणार? आपल्या वाडवडिलांना जे सोसावे लागले तेच तो खालच्या माणसाला देणार असेल, तर माणूस बदलला पण खुर्ची बदलली नाही, असेच म्हणावे लागेल.

तथागतांच्या काळी आळवी नावाच्या नगरात हत्थक नावाचा एक उपासक राहत होता. एकदा तो पाचशे उपासकांना बरोबर घेऊन भगवंतांच्या दर्शनास आला. भगवंतांनी त्याला विचारले, एवढी मोठी परिषद तू कशी सांभाळतोस? ध्यानात घ्या, हत्थक हा भिक्खू नव्हता, राजा नव्हता. तुमच्या-आमच्यासारखा गृहस्थ होता. त्याने उत्तर दिले की, आपणच शिकविलेल्या चार संग्रहवस्तूंनी मी माणसे जोडतो. जो देण्याने जोडला जाईल असे मला कळते, त्याला मी देण्याने जोडतो. जो गोड शब्दाने जोडला जाईल त्याला गोड शब्दाने, जो त्याच्या हिताचे काम केल्याने जोडला जाईल त्याला तशा कामाने, आणि जो बरोबरीने वागविल्याने जोडला जाईल त्याला बरोबरीने. दान, पियवज्ज, अत्थचरिया आणि समानत्तता, अशी या चारांची पाली नावे आहेत. संग्रह म्हणजे जोडून ठेवणे. पुढाऱ्याचे मुख्य काम हाकणे नव्हे, जोडणे आहे, हे या एका शब्दातच आले.

या चारांचा आपण एकेक करून विचार करू.

पहिली वस्तू दान. येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे, तो आधी दूर करतो. मजुरी देणे हे दान नव्हे. ते देणे आहे. ठेकेदार मजुराच्या हातावर पैसे ठेवताना उपकार केल्यासारखा चेहरा करीत असेल, तर त्याने धम्म ओळखला नाही. राजगृहाचा सिगाल नावाचा गृहस्थपुत्र ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता, तेव्हा भगवंतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. त्यात नोकर आणि कामगार यांना त्यांनी खालची दिशा म्हटले, आणि मालकाची पाच कर्तव्ये सांगितली. माणसाच्या शक्तीप्रमाणे काम वाटून द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारात शुश्रूषा करावी. काही विशेष गोडधोड आले तर त्यात वाटा द्यावा. वेळोवेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे सांगणे आहे! खालची दिशा म्हणजे हलकी दिशा असे कोणी समजू नये. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती खालीच असते. ती सरकली तर वरचा सगळा डोलारा कोसळतो. कामगारांचीही पाच कर्तव्ये भगवंतांनी तेथेच सांगितली आहेत. मालकाच्या आधी कामाला लागावे, त्याच्यानंतर काम सोडावे, दिलेले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे आणि मालकाची कीर्ती चांगली ठेवावी. म्हणजे धम्म एका बाजूला झुकत नाही.

मग मुकादमाचे दान कोणते? त्याच्याजवळ पैसा थोडाच असतो! पण त्याच्याजवळ कामाची माहिती असते. मशीन कसे लावावे, माप कसे पाहावे, साहेबापुढे अर्ज कसा लिहावा, हे ज्ञान जो दाबून ठेवतो तो भिकारी. जो नव्या पोराला हाताशी धरून शिकवितो तो दाता. काम चांगले झाले तर शाबासकी कोणाच्या नावावर जाते? ती ज्याने काम केले त्याच्या नावावर जाऊ देणे, हेही दानच आहे, आणि पैशाच्या दानापेक्षा ते अवघड आहे.

दुसरी वस्तू पियवज्ज, म्हणजे प्रिय वचन. याविषयी दुसऱ्याचे उदाहरण देण्यापेक्षा माझीच चूक सांगतो. मी शिक्षक आहे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. एका शाळेत असताना पोषण आहाराची देखरेख माझ्याकडे होती. एके दिवशी खिचडी खाली लागली. मी सगळ्या मुलांसमोर स्वयंपाक करणाऱ्या बाईंना 'ए बाई, डोळे फुटले का तुझे?' असे बोललो. त्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पातेले घासत बसल्या. दुसऱ्या दिवशी मी वर्गाबाहेर उभा असताना आतून आवाज आला. माझा वर्गप्रमुख, सातवीतला मुलगा, एका लहान मुलावर ओरडत होता, 'ए, डोळे फुटले का तुझे?' शब्द माझे होते, आवाजाची धार माझी होती. मी महिनाभर त्याला गणित शिकवीत होतो, ते त्याला येत नव्हते; हे मात्र त्याने एका दिवसात उचलले. त्या दिवशी दुपारी मी मुलांसमोरच त्या बाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, 'जाऊ द्या गुरुजी.' मला मात्र ते अजून जाऊ देता आलेले नाही.

ज्याला आयुष्यभर 'अरे-तुरे' ऐकावे लागले त्याच्या जिभेवर तेच 'अरे-तुरे' किती सहज चढून बसते, हे मी त्या दिवशी ओळखले. चौथे शील घेताना आपण खोटे न बोलण्याचा नियम घेतो. सम्यक वाचेत तर कठोर बोलणे, चहाडी आणि वायफळ बडबड या तिन्हींचा त्याग येतो. प्रिय वचन म्हणजे लाडीगोडी नव्हे. चूक दाखवावीच लागते. काम बिघडले तर ते सांगावेच लागते. पण चूक एकांतात सांगावी, शाबासकी चारचौघांत द्यावी, आणि माणसाला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारावी. नावाला 'या', 'ल्या' लावून आपल्या आजोबांची नावे ज्यांनी मोडली, त्यांचा राग आपल्याला येतो ना? मग आपण कोणाचे नाव मोडतो आहोत का, ते पाहिले पाहिजे.

तिसरी वस्तू अत्थचरिया, म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे काम प्रत्यक्ष करणे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंत आनंदाला बरोबर घेऊन फिरत असता तेथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्याच्या अंगावर पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. नंतर त्यांनी संघाला बोलावून सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. संघाचा शास्ता आधी स्वतः पाणी घालतो आणि मग नियम सांगतो. हा क्रम नीट पाहा. आपल्याकडे पुष्कळदा नियम आधी येतो, आणि पाणी येतच नाही.

बाबासाहेब १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दिल्लीच्या कचेरीत बसून फायली पाहता आल्या असत्या. पण डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले, जमिनीखाली उतरले, मजुरांची घरे पाहिली. १९४४ साली कोळसा खाण कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभा राहिला. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आज तुमचा मुलगा आठ तासांची पाळी करून घरी येतो, त्यामागे खाली उतरून पाहणारी ती दृष्टी आहे. तुम्ही मजूरमंत्री नसाल. पण तुमच्या हाताखाली ठेकेदारीवर आलेल्या पोराचा पीएफ भरला जातो का, त्याचे ईएसआयचे कार्ड निघाले का, त्याला हातमोजे मिळाले का, हे विचारणे तर तुमच्या हातात आहे ना? तेवढे विचारले तरी ती अत्थचरिया झाली.

चौथी वस्तू समानत्तता, म्हणजे सुखदुःखात आपल्यासारखेच दुसऱ्याला वागविणे. ही सर्वांत कठीण आहे, आणि मला वाटते, आपली खरी परीक्षा येथेच आहे. आपण दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. माणसामाणसांत समता मानीन, अशा अर्थाची प्रतिज्ञाही त्यात आहे. आता मला सांगा, मावळात वीटभट्टीवर आणि शेतावर येणाऱ्या कातकरी मजुराला आपण कोणत्या भांड्यातून पाणी देतो? कारखान्यात झाडू मारणाऱ्या बाईच्या शेजारी बसून आपण डबा खातो का? बिहारहून, ओडिशाहून आलेल्या मजुराला आपण 'भय्या' म्हणून हिणवितो की नाही? आपल्यावर कोणी वर बसले होते, हे आपल्याला पाठ आहे. आपण कोणाच्या वर बसलो आहोत, हे पाठ करावयाचे राहून गेले आहे.

सिगालाला उपदेश करताना भगवंतांनी आणखी एक इशारा दिला आहे. माणूस चार कारणांनी वाकड्या वाटेला जातो : छंद म्हणजे आवडनिवड, द्वेष, मोह आणि भय. कामावरच्या पुढाऱ्याने ही चार नावे तोंडपाठ करावीत. भाच्याला हलके काम देणे हा छंद. एकदा उलट बोललेल्या माणसाची सुटी अडविणे हा द्वेष. कामाची माहिती न घेता निर्णय देणे हा मोह. भयाचे उदाहरण मात्र आपल्या घरचेच आहे. आपला एखादा अधिकारी होतो. आपल्याच समाजातील लायक मुलाचा अर्ज समोर येतो. त्याचे काम चांगले आहे, त्याचा हक्क आहे. पण 'हा आपल्या लोकांना पुढे काढतो' असे कोणी म्हणेल, या भीतीने तो शिफारस लिहीत नाही. कित्येकजण तर याच भीतीने घरातील बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत लावतात. लायकी नसलेल्या आपल्या माणसाला पुढे काढणे हा छंद आहे, आणि लायकी असलेल्या आपल्या माणसाला मागे ठेवणे हे भय आहे. दोन्ही वाटा वाकड्याच. सरळ वाट एकच : काम पाहावे, हक्क पाहावा, आणि तोंड न लपविता निर्णय द्यावा.

येथे एखादा वाचक मला अडवील. तो म्हणेल, गुरुजी, हत्थक श्रीमंत होता. खरे आहे, आणि गंमत अशी की हत्थकाने ते स्वतःच कबूल केले आहे. चार वस्तू सांगून झाल्यावर तो भगवंतांना म्हणाला, माझ्या घरी संपत्तीही आहे. दरिद्री माणसाचे लोक असे ऐकत नाहीत. किती प्रामाणिक माणूस! आपले कोण ऐकणार, हा गरिबाचा प्रश्न आजचा नाही.

याचे उत्तर मावळातच सापडते. येथे इर्जिक करण्याची जुनी रीत आहे. एकाच्या शेतावर सगळ्यांनी मिळून राबावयाचे; मजुरी नाही, मालक नाही, मुकादम नाही. तरीही भातलावणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायांमध्ये एक कोणीतरी अशी असते की जिच्या हाताकडे पाहून बाकीच्यांचे हात चालतात. तिने 'चला ग' म्हटले की सगळ्या ओळीने सरकतात. तिला कोणी नेमलेले नसते. तिच्याकडे सर्वांत जास्त जमीन असते असेही नाही. पण तिची ओळ सरळ असते, ती मागे पडलेलीच्या वाट्याची दोन रोपे गुपचूप लावून देते, आणि भाकरी सोडताना आधी दुसरीला विचारते. देणे, गोड बोलणे, हिताचे काम आणि बरोबरी, चारही वस्तू तिच्याजवळ आहेत. संपत्ती तेवढी नाही. माता-भगिनींनो, तुम्ही स्वतःला पुढारी समजत नाही, पण धम्माच्या व्याख्येत तुम्ही कितीतरी जणी बसता.

हत्थकाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकदा भगवंतांनी भिक्खूंजवळ त्याच्या सात गुणांची स्तुती केली. एका भिक्खूने ती त्याला जाऊन सांगितली. तेव्हा हत्थकाने आनंदाने छाती फुगविली नाही. त्याने विचारले, भंते, त्या वेळी तेथे कोणी गृहस्थ ऐकत तर नव्हता ना? हे कळल्यावर भगवंत म्हणाले की, आता त्याचा आठवा गुणही लक्षात ठेवा : तो अल्पेच्छ आहे, आपले गुण लोकांना कळावेत असे त्याला वाटत नाही. आजच्या काळात चार वह्या वाटल्या तरी फलकावर फोटो येतो. त्या फलकाखाली उभे राहून हा आठवा गुण आठवावा.

चांगला पुढारी मिळाला तर त्याच्या पायावर डोके ठेवावे काय? मुळीच नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, पण राजकारणातील भक्ती माणसाला अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. कारखान्यात आणि कचेरीतही तेच खरे. तथागतांनी स्वतःनंतर कोणाला गादीवर बसविले नाही. धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे सांगून ते गेले. वज्जींच्या भरभराटीची कारणे सांगताना त्यांनी पहिली दोन कारणे ही सांगितली की, ते वारंवार एकत्र जमतात आणि एकजुटीने आपली कामे करतात. ज्या कामावर मुकादम चार माणसांना विचारतो आणि चार माणसे मुकादमाला निर्भयपणे विचारतात, तेथे वज्जींचे गणराज्य थोडेसे तरी जिवंत आहे.

शेवटी एक खंत सांगून थांबतो. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी दुःख बोलून दाखविले होते. शिकून हे लोक समाजाची सेवा करतील असे त्यांना वाटले होते, पण आपापले पोट भरणाऱ्या कारकुनांचीच गर्दी त्यांना दिसली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. सुदुंबऱ्यापासून जवळच देहूरोड आहे. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. आपण तेथे जातो, मेणबत्ती लावतो, वंदना घेतो. त्या मूर्तीसमोर उभे राहताना प्रत्येकाने स्वतःला विचारावे की, मी शिकलो, मला चार माणसांवर अधिकार मिळाला, त्याचा उपयोग मी जोडण्यासाठी केला की हाकण्यासाठी?

म्हणून माझी तुम्हांला एक विनंती आहे. येत्या पौर्णिमेला घरात वंदना झाल्यावर पाच मिनिटे अधिक बसा. जो कोणी कामावर जातो त्याने मोठ्याने चार प्रश्न स्वतःला विचारावेत. या महिन्यात मी कोणाला काय शिकविले? कोणाला लागेल असे बोललो? कोणाच्या अडचणीत स्वतः उठून गेलो? कोणाला माझ्यापेक्षा खालचा समजलो? मुलांना ती उत्तरे ऐकू द्या. बापाने आपली चूक कबूल केलेली ज्या मुलाने ऐकली आहे, तो उद्या मुकादम झाला तर त्याच्या हाताखालचा माणूस सुखाने भाकरी खाईल. आणि माझ्या त्या वर्गप्रमुखासारखे तो आपल्याकडून जे उचलील, ते उचलण्याच्या लायकीचे असेल.

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जयभीम!